न वाचलेल्या अकरा चिठ्ठ्या

३ मार्च

आत्या,

पत्र वाचायला घेण्याआधी चष्मा पूस आणि पेन्सिल हाताशी ठेव. फोनच करणार होते, पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि या वेळी ते पुरं करणं गरजेचं आहे.

तुला माहीत आहे, शिक्षण मंडळाच्या बालवर्गात मी आठ महिन्यांपूर्वी रुजू झाले. तीस मुलं, मोठ्या बाई आणि मी. जागा तीसच, आणि अर्ज दरवर्षी त्याच्या दुपटीहून जास्त. म्हणून मोठ्या बाई व्हरांड्यात सगळ्या पालकांसमोर डब्यातून चिठ्ठ्या काढतात. ज्याची निघाली तो आत, बाकीचे घरी.

आता मंडळाला प्रश्न पडलाय की हा बालवर्ग चालवून शाळेत पुढे काही फरक पडतो का. त्यांनी पत्र पाठवलं: चार वर्षांपूर्वी ज्यांनी अर्ज केले ती मुलं यंदा तिसरीत आहेत, बालवर्गात आलेल्या आणि न आलेल्या मुलांचे वाचन-गणिताचे गुण शेजारी शेजारी मांडून द्या. अठ्ठावीस मार्चला बैठक आहे. फरक दिसला नाही, तर बालवर्ग बंद करून आम्हा दोघींना तिसरीच्या कच्च्या मुलांसाठी लावणार. मोठ्या बाई म्हणाल्या, "तुझं अक्षर छान आहे, तूच कर."

केलं. चौऱ्याहत्तर अर्ज होते. एकही मूल गाव सोडून गेलेलं नाही. हे मला खरं वाटेना म्हणून दोनदा पाहिलं. तीस मुलं बालवर्गात आली होती, चव्वेचाळीस आली नव्हती.

आलेल्यांची सरासरी एक्कावन्न. न आलेल्यांची अठ्ठावन्न.

मी उलटं लिहिलेलं नाही. मलाही तसंच वाटलं होतं. चार वेळा बेरीज केली, दोनदा वरून खाली आणि दोनदा खालून वर, तू शिकवलंस तशी. प्रत्येक वेळी तेच. जी मुलं आमच्याकडे वर्षभर बसली, गाणी म्हणाली, मणी ओवले, अक्षरं ओळखायला शिकली, ती घरी राहिलेल्यांच्या सात गुणांनी मागे. मग आम्ही वर्षभर करतो तरी काय?

आज वर्गात बुटांच्या खुंट्यांपाशी उभी होते. एक मुलगी आपला बूट स्वतः घालून माझ्याकडे बघून हसली आणि मला वाटलं, हिचे सात गुण मी आत्ताच कमी करतेय का. हसू नकोस.

मोठ्या बाईंना अजून काही बोलले नाही. सोबत तक्ता पाठवते. मुलांची नावं लिहिली नाहीत, क्रमांक दिलेत. नावं बाहेर पाठवणं बरोबर नाही. माझं चुकलं असेल तर लगेच कळव. चुकलेलं असलं तर फार बरं होईल.

तुझी
खोडरबर

९ मार्च

खोडरबरबाई,

तक्ता तपासला. बेरजा बरोबर आहेत, भागाकार बरोबर आहेत, आणि कडेची रेघसुद्धा पट्टीने मारलेली आहे. तुला चूक हवी होती, पण ती मिळणार नाही. फक्त क्रमांक एकतीसच्या चारावर तू इतकं खोडलंयस की कागद पलीकडून फुगलाय.

आता खरं सांगू? मला मुळीच नवल वाटलं नाही. मी म्हणत नव्हते? चार वर्षांचं लेकरू सकाळी झोपेतून उठवायचं, तीस जणांच्या ओळीत हात धुवायला उभं करायचं, त्याला एकट्याला कोणी पाच मिनिटं विचारायचं नाही की बाबा तुझ्या मनात काय चाललंय. तुझ्या बाबाची दर वर्षी बदली व्हायची तेव्हा सगळे म्हणाले, पोरांना वसतिगृहात टाका. मी म्हटलं, माझ्याकडे टाका. जेवणाच्या टेबलावर शिकवलं तुला, दहा वर्षांची होईपर्यंत. थेट पाचवीत गेलीस आणि पहिल्याच सहामाहीत वर्गात दुसरी आलीस. सिद्ध करायला मला तक्ता लागला नाही.

तेव्हा रडत बसू नकोस. आकडे मोठ्या बाईंना दाखव, त्यांच्या आधी मंडळाला दाखवू नकोस, ते वाईट दिसेल. आणि वर्ग बंद झालाच तर तिसरीची मुलं शिकव. तीही मुलंच आहेत.

तुझा दादा परवा येऊन माझा फ्रीज बघून गेला. अजून खालून पाणी येतंय. त्याला सांगितलं तर म्हणतो, फ्रीजचंही वय झालंय. "फ्रीजचंही" म्हणाला. टोमणा कळला मला.

आत्या

१३ मार्च

आत्या,

तुझं पत्र वाचून दोन दिवस उत्तर लिहिलं नाही, कारण मला राग आला होता. मी विचारलं होतं बेरजेबद्दल, तू सांगितलंस स्वतःबद्दल. आता राग गेलाय, कारण त्याहून मोठं काहीतरी झालंय आणि ते तुझ्याशिवाय कोणाला सांगणार?

मोठ्या बाईंना आकडे दाखवले. मधल्या सुट्टीनंतर मुलं चटयांवर आडवी झाली होती, आम्ही दोघी रंगांच्या बाटल्या धूत होतो. त्यांनी कागद ओल्या हाताने घेतला, बघितला आणि म्हणाल्या, "हं. असंच येणार." बाटल्या धुऊन झाल्या, उपड्या घालून झाल्या. असंच का येणार? मला विचारायचं धाडस झालं नाही.

मग मला वाटलं, माझी यादीच चुकली असेल. मी मुलांची नावं नोंदवहीतून घेतली होती. म्हणून कपाटातून त्या वर्षीचे मूळ अर्ज काढले. अर्जांच्या गठ्ठ्याखाली एक तपकिरी पाकीट होतं. वर मोठ्या बाईंच्या अक्षरात लिहिलेलं: "निघालेल्या चिठ्ठ्या. पाच वर्षं जपणे." मंडळाचा तसा नियम आहे.

आत तीस चिठ्ठ्या होत्या. मी त्या नोंदवहीशी ताडून पाहिल्या, उगाच, समाधानासाठी.

एकोणीस जुळल्या. अकरा जुळल्या नाहीत.

अकरा मुलांची चिठ्ठी निघालेली आहे आणि ती बालवर्गात कधी आलीच नाहीत. त्यांच्या जागी दुसरीच अकरा मुलं नोंदवहीत आहेत, आणि त्यांच्या चिठ्ठ्या पाकिटात नाहीत.

आधी वाटलं, अकरा कुटुंबांनी नंतर नको म्हटलं असेल. पण तशी नोंद नाही, आणि नोंदवही त्याच दिवशी, त्याच शाईत, सलग लिहिलेली आहे. मग आठवलं की हे होतं कसं. गेल्या वर्षीच्या सोडतीबद्दल सेविका मावशींनी मला सांगितलं होतं. मोठ्या बाई चिठ्ठी काढतात, उघडतात, नाव वाचतात, घडी घालून पाकिटात टाकतात. लेखनिक ऐकून लिहितो. चिठ्ठी त्यांच्याशिवाय कोणीच बघत नाही. त्यांच्यावर सगळ्या गावाचा विश्वास आहे.

म्हणजे चिठ्ठीवर एक नाव होतं आणि त्यांनी दुसरं वाचलं. अकरा वेळा. पालकांच्या डोळ्यांसमोर.

आणि आत्या, मला सगळ्यात न कळणारी गोष्ट ही की ते पाकीट अजून आहे! एक काडी ओढली असती की संपलं असतं. पण पाच वर्षं जपायचा नियम आहे म्हणून त्यांनी जपलंय. नियम मोडला आणि नियमाप्रमाणेच पुरावा नीट लेबल लावून ठेवला. असं कोण करतं?

पाकीट माझ्या पिशवीत आहे. हे लिहिताना सारखी पिशवीकडे बघतेय.

खोडरबर

१६ मार्च

पोरी,

तुझं पत्र आत्ता आलं, आत्ताच लिहिते, टपालपेटी पाचला उघडतात.

पाकीट होतं तिथे परत ठेव. उद्याच. तुझ्या पिशवीत ते सापडलं तर उद्या तूच चिठ्ठ्या बदलल्या असं म्हणायला कोणी कमी करणार नाही.

आणि बाईंना विचार. समोर बसून. तुझी एक खोड मला लहानपणापासून माहीत आहे. तुला काही समजलं नाही की तू माणसाला विचारत नाहीस, कागदाला विचारतेस. कागदाने सांगायचं तेवढं सांगितलं.

ती अकरा मुलं कोण, हेही विचार. आत घेतलेलीही आणि बाहेर राहिलेलीही.

मागच्या पत्रात मी फार बोलले. ते नंतर बघू.

आत्या

२० मार्च

आत्या,

पाकीट ठेवलं. विचारलं.

शनिवारी मुलं गेल्यावर आम्ही दोघी त्या बुटक्या खुर्च्यांवर बसलो होतो, गुडघे हनुवटीला. मी म्हटलं, "बाई, मला ते तपकिरी पाकीट मिळालं."

त्या म्हणाल्या, "तू आलीस त्या दिवशीच मला वाटलं होतं, हिला मिळणार."

"मग कपाटाला कुलूप का नाही लावलं?"

"अगं, कुलूप लावलं असतं तर माझं मलाच खोटं वाटलं असतं."

आता हे वाक्य मला अजून समजलेलं नाही, तुला समजलं तर सांग.

अर्ज घेताना मोठ्या बाई प्रत्येक मुलाशी दहा मिनिटं बोलतात. त्या वर्षी एक मुलगी आली होती, माझ्या यादीत ती क्रमांक सतरा. डोक्यावरची टोपी काढायची नाही, एक शब्द बोलायची नाही, हाताला कोणी धरलं की ओरडायची. दुसरं एक मूल दिवसभर दुकानाच्या मागच्या खोलीत खोक्यांमध्ये असायचं, त्याला आकाशाकडे बोट करून "वर" म्हणता येत नव्हतं. अशी अकरा. बाईंनी त्यांची नावं डोक्यात ठेवली. चिठ्ठ्या निघायला लागल्या, आणि एक चिठ्ठी निघाली एका चुणचुणीत मुलीची. परिचारिकेची मुलगी, अर्ज द्यायला आली तेव्हा हिनेच बाईंना गोष्ट सांगितली होती. क्रमांक बावन्न. "मी चिठ्ठी उघडली," बाई म्हणाल्या, "आणि समोर ती टोपीवाली उभी. ही कुठेही शिकेल, आणि तिचं काय होईल? तोंडातून तिचंच नाव निघालं. पहिल्या वेळी निघालं. पुढच्या दहा वेळा मी काढलं."

"पण बाई, ती सोडत होती."

"हो. मी बक्षीस वाटायला बसले नव्हते, जागा वाटायला बसले होते."

क्रमांक सतराला आता तिसरीत चौतीस गुण आहेत. मला ते कमी वाटले. बाई म्हणाल्या, "चौतीस? वाचते ती?" आणि डोळे पुसले. मग मला कळेना की चौतीस म्हणजे जास्त की कमी.

घरी येऊन मी दुसरा तक्ता केला, तोही सोबत पाठवतेय. या वेळी कोण आलं ते न बघता, चिठ्ठी कोणाची निघाली होती ते बघितलं. नोंदवहीप्रमाणे आलेली एक्कावन्न, न आलेली अठ्ठावन्न. चिठ्ठीप्रमाणे निघालेली एकोणसाठ, न निघालेली बावन्न. तीच चौऱ्याहत्तर मुलं, तेच गुण. एकीकडे बालवर्ग सात गुण खातो, दुसरीकडे सात गुण देतो. मी दोन्ही कागद शेजारी ठेवून एवढा वेळ बसले की मला माझंच नाव आठवेना.

पहिला तक्ता दिला तर वर्ग बंद होईल. दुसरा दिला तर पाकिटाबद्दल सांगावं लागेल, आणि बाईंची नोकरी जाईल. त्यांना अडीच वर्षं उरलीत. त्या म्हणाल्या, "तुझं तू ठरव, मी तुला काही म्हणणार नाही." त्यापेक्षा रागावल्या असत्या तर बरं.

आठ दिवस आहेत. तू काय केलं असतंस?

खोडरबर

२३ मार्च

बाळ,

तुझा दुसरा तक्ता वाचून आधी मीही खूश झाले. मग पेन्सिल घेतली. ज्या अकरांची चिठ्ठी निघाली आणि ज्यांना आत घेतलं नाही, त्यांची सरासरी साठ येते. बरोबर? मग "निघालेल्यां"च्या एकोणसाठात ती अकरा बसलेली आहेत, आणि त्यांनी बालवर्गाचा उंबरासुद्धा ओलांडलेला नाही. त्यांच्या गुणांचं श्रेय बालवर्गाला कसं द्यायचं? तुझा पहिला तक्ता बाईंवर अन्याय करतो आणि दुसरा त्यांना नको इतका दिलासा देतो. मला यातलं एकही पूर्ण खरं वाटत नाही. तुला वाटतं का?

तू विचारलंस, मी काय केलं असतं. मी काय केलं ते सांगते. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, तुझ्या बाबालाही नाही.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की तुला टेबलावर शिकवलं आणि तू दुसरी आलीस. त्या टेबलावर दोन मुलं होती. तुझ्याशेजारी तुझा दादा बसायचा, दोन वर्षांनी मोठा, त्याच टेबलाशी, त्याच माझ्यापुढे. त्याला बारा वर्षांचा होईपर्यंत एक पान सरळ वाचता येत नव्हतं. अक्षरं उलटी व्हायची, ओळ सुटायची. शाळेत गेला तो तुझ्याच वर्गात, धाकट्या बहिणीच्या वर्गात, आणि पंधराव्या वर्षी शाळा सोडली. सगळ्यांना मी सांगत आले, त्याचं डोकं हातात आहे, पुस्तकात नाही. तूही तेच समजतेस.

तो आठ वर्षांचा असताना, आपण तेव्हा राहायचो त्या गावातल्या शाळेतल्या एक बाई घरी आल्या होत्या. कोणी सांगितलं त्यांना ते माहीत नाही. त्यांनी अर्धा तास त्याला वाचायला लावलं. मग मला म्हणाल्या, याच्यासारख्या मुलांसाठी आमच्याकडे वेगळा वर्ग आहे, वेगळी शिक्षिका आहे, एक जागा आहे, सोमवारपासून पाठवा. मी म्हटलं, आमच्या मुलाला काही झालेलं नाही. त्या पुन्हा एकदा आल्या. मी दार उघडलं नाही.

जागा होती. ना चिठ्ठी, ना रांग. मी नाकारली, कारण मला सिद्ध करायचं होतं की माझं टेबल पुरेसं आहे. तू हुशार निघालीस ते श्रेय मी घेतलं. त्याचं राहिलं ते त्याच्या डोक्यावर टाकलं. हाही एक तक्ताच म्हणायचा, नाही का? मी वीस वर्षं त्याची बेरीज करतेय आणि दर वेळी मला हवी तीच येते.

तेव्हा मला विचारू नकोस काय करायचं. फक्त एवढं बघ की ज्याची जागा गेली, त्याच्याकडे कोणी गेलंय का. क्रमांक बावन्नच्या घरी.

आत्या

२९ मार्च

आत्या,

तुझ्या पत्राबद्दल आज काही लिहीत नाही. मी ते जपून ठेवलंय. आधी हे सांगते, नाही तर जमणार नाही.

मोठ्या बाईंना सांगून, बैठकीच्या आदल्या दिवशी क्रमांक बावन्नच्या घरी गेले. आई, ती परिचारिका, उभी राहून गणवेशाला इस्त्री करत होती. ती म्हणाली, "बसा ना. चार वर्षांपूर्वीचं? आमची चिठ्ठी निघाली नाही हो. कोणाला बोलणार? माझी सकाळची पाळी, हिला ठेवायला कोणी नाही. मग दोन वर्षं नोकरी सोडली, घरीच शिकवलं. नशीब एकेकाचं."

मी म्हटलं, "निघाली होती."

तिने इस्त्री उभी केली. मी सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "निघाली होती." मग पुन्हा, "निघाली होती." मग मला म्हणाली, "हिला किती पडलेत तिसरीत?"

"एक्काहत्तर."

"मग तुमच्या बाई म्हणतील, बघा, काही बिघडलं नाही." मी म्हटलं, नाही, तसं नाही. ती म्हणाली, "नोकरीत माझ्या मागच्या दोघी पुढे गेल्या. ते कुठल्या विषयात मोजता?" तिने इस्त्रीची वायर काढली. मग म्हणाली, "तुम्ही खरं सांगायला आलात, ठीक. पण आता हे मी कुठे ठेवू? नशीब होतं तेव्हा ठेवायला जागा होती."

ती गणवेशाची घडी घालायला लागली, मी उठून चपला घातल्या.

बैठकीत मी दोन्ही तक्ते दिले आणि खाली तुझं वाक्य लिहिलं, की यातला एकही पूर्ण खरा नाही. चिठ्ठ्यांबद्दल लिहिलं. त्या मजकुराखाली मोठ्या बाईंनी स्वतः सही केली, मी मागितली नव्हती. मंडळाचे साहेब दोन्ही कागद हातात धरून बघत राहिले, मग म्हणाले, "म्हणजे बालवर्गाचा उपयोग होतो की नाही? एका शब्दात सांगा."

मी म्हटलं, "एका शब्दात मला येत नाही, साहेब."

सगळे हसले. मी विनोद केला नव्हता.

निकाल असा: कळत नाही म्हणून बालवर्ग आणखी एक वर्ष चालू. सोडत साहेबांच्या समोर. मोठ्या बाईंची बदली मंडळाच्या पुस्तकांच्या गोदामात, सोमवारपासून. वर्ग माझ्याकडे. त्या निघताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "नॅपकिन दर शुक्रवारी उकळत जा." मी घरी आले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. वर्ग वाचला, बाई गेल्या, आणि दोन्ही मीच केलं.

खोडरबर

४ एप्रिल

बाळ,

दादाला सांगितलं. काल पुन्हा फ्रीज बघायला आला होता, तेव्हा. त्या शाळेच्या बाई, ती जागा, न उघडलेलं दार, सगळं. तो जमिनीवर आडवा, डोकं फ्रीजखाली. ऐकून घेतलं. मग खालूनच म्हणाला, "आत्या, बॅटरी जरा डावीकडे धर."

नळी बदलली. पाणी थांबलं. हात धुतले. जाताना दारात म्हणाला, "त्या बाई मला आठवतात. हिरवी पर्स होती त्यांची. मला वाटायचं, मी नीट वाचलं नाही म्हणून त्या परत आल्या नाहीत."

आणि गेला.

तू जेवत जा.

आत्या

१९ एप्रिल

आत्या,

दादाने मला फोन केला होता. तुझ्याबद्दल काही बोलला नाही. पण विचारलं, "उलटी अक्षरं दिसणाऱ्या मुलांना हल्ली काय करतात गं?" मी जे ठाऊक होतं ते सांगितलं. तो म्हणाला, "सहजच विचारलं." तासभर बोललो आम्ही.

आज सोडत झाली. एक्क्याऐंशी अर्ज, जागा तीस. अर्ज मी घेतले, आणि मोठ्या बाईंसारखी प्रत्येक मुलाशी दहा मिनिटं बोलले. बोलायचं नव्हतं मला. न बोलता अर्ज घेतला तर मूल रडतं, म्हणून बोलले. त्यामुळे आज डब्यात हात घालताना मला एक्क्याऐंशी चेहरे माहीत होते.

त्यातली एक मुलगी. तिचे वडील तिला खांद्यावर घेऊन आले होते. साडेचार वर्षांची, एकही शब्द नाही. दहा मिनिटं ती माझ्या टेबलावरच्या पंचिंग मशीनने कागदाला भोकं पाडत राहिली आणि प्रत्येक भोकातून माझ्याकडे बघत राहिली. आणि समोर दुसऱ्या रांगेत ती परिचारिका. तिची धाकटी यंदा चार वर्षांची आहे. अर्ज देताना माझ्याशी एक अक्षर बोलली नव्हती.

एकोणतीस चिठ्ठ्या वाचल्या. दोघींपैकी कोणाचीच नाही. तिसावी उघडली. ती एका मुलाची होती, ज्याने मला शंभरपर्यंत म्हणून दाखवलं होतं, मधले दोन आकडे सोडून.

आत्या, मी थांबले. फार नाही, दोन श्वास. मोठ्या बाई त्या दोन श्वासांत कुठे उभ्या होत्या ते मला तेव्हा समजलं. साहेब शेजारी बसले होते खरे, पण ते मोबाइल बघत होते. तोंडातून काहीही निघालं असतं.

मी चिठ्ठीवरचं नाव वाचलं. परिचारिका उठून थेट टेबलापाशी आली आणि म्हणाली, "दाखवा." मी चिठ्ठी तिच्या हातात दिली. तिने वाचली. मग वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं तेच नाव पुन्हा वाचलं, चिठ्ठी मला परत दिली आणि धाकटीचा हात धरून गेली. ती रागावली होती की नाही मला सांगता येणार नाही.

भोकं पाडणाऱ्या मुलीचे वडील फाटकापर्यंत गेले होते. मी धावत गेले आणि पत्ता विचारला. वर्ग साडेबाराला सुटतो. सोमवारपासून एक ते दोन मी त्यांच्या घरी जाणार आहे. मंडळाला लेखी कळवलंय, माझ्या वेळात, माझ्या जबाबदारीवर. साहेबांनी विचारलं, हे कुठल्या नियमात बसतं? मी म्हटलं, बसत नसेल तर नाही म्हणून लिहून द्या. अजून दिलेलं नाही.

मला कळतंय की याने काही सुटत नाही. उरलेल्या पन्नासांकडे मी जाणार नाहीये, आणि हिच्याकडेच का, याचं माझ्याकडे उत्तर नाही. शिवाय चार वर्षांनी कोणी पुन्हा तक्ता मांडला तर ही मुलगी "बालवर्गात न गेलेली" या रकान्यात असेल, आणि तिला शिकवलेलं मी असेन. म्हणजे पुढचे आकडे मीच बिघडवून ठेवतेय, आत्तापासून. हेही त्या पत्रात लिहून ठेवलंय, कोणाला लागलं तर.

आता तुझ्याकडे काम आहे. मला तीस मुलांचा वर्ग घेता येतो, पण एका मुलाशेजारी टेबलावर कसं बसायचं ते तुलाच ठाऊक आहे. माझ्या वेळी तू काय केलंस ते लिहू नकोस, मी आपोआप शिकले असेन. दादा आज पुन्हा आठ वर्षांचा होऊन तुझ्यासमोर बसला, तर पहिल्या दिवशी काय करशील, तेवढं लिही. सोमवारच्या आत पोचायला हवं.

खोडरबर